पिशवीसकट पुरलेली निलगिरी

समजा, वीतभर काळी पिशवी तुम्हाला मातीनं भरायची आहे. सैल भरली तर उचलताना तिची कंबर मोडते. दाबून भरली तर पाणी वरच तुंबतं आणि कोंब कुजतो. म्हणून थोडी माती घालायची, बूड जमिनीवर आपटायचं, पुन्हा घालायची. आता हेच उकिडवं बसून दिवसात पाचशे वेळा करा.

भिगवणजवळच्या माळावरल्या एका रोपांच्या नर्सरीत पुतळाबाई हे सात वर्षं करत होती. ऊसतोडी संपल्या की आसपासच्या वीसेक बायकांची चूल या नर्सरीवर पेटायची. नर्सरीची मालक कंपनी माळावर निलगिरी लावायची आणि तिच्या बल्ल्या बांधकामांना विकायची. बारामतीत नव्या स्लॅबखाली उभी राहणारी बल्ली आधी अशाच कुणा बाईच्या दोन बोटांत मावलेली असे.

१९९५च्या दिवाळीआधी लागवडीतली निम्मी रोपं वाळली. सुपरवायझर दादासाहेबांनी बायकांना गोळा केलं. "तुमची रोपंच किडकी. उद्यापासनं काम बंद."

"किडकी?" पुतळाबाई कडाडली. "माझ्या हातचं रोप गाढवानं तुडवलं तरी उभं ऱ्हातंय, दादासाहेब!"

"मंग गाढवालाच सुपरवायझर करा की," मागून सिंधुबाई म्हणाली. बायका खदखदल्या. दादासाहेब हसले नाहीत.

पुतळाबाई तडक लागवडीवर गेली. वाळलेलं एक रोप उपटलं. ते पिशवीसकट वर आलं. दुसरं, तिसरं, तेच. रोपं लावायचं काम कंपनीनं ठेकेदाराला दिलेलं, आणि त्याच्या माणसांना मजुरी खड्ड्यामागं. पिशवी फाडत कोण बसतो? नुसती खड्ड्यात उभी करून माती लोटलेली. आत मुळं गरगर फिरून स्वतःलाच आवळून मेली होती.

तिन्ही रोपं तिनं दादासाहेबांच्या टेबलावर आपटली. "बघा, किडका कोण हाय ते!"

दादासाहेबांनी पिशव्या पाहिल्या. सगळं कळलं त्यांना. म्हणाले, "कंपनीच्या साहेबांची सही होऊन रिपोर्ट वर गेलाय, बाई. रोपं निकृष्ट, असं लिवलंय त्यात."

"मंग दुसरा लिवा."

"सही झाल्यावर कसा लिवणार?"

नर्सरीला कुलूप लागलं. ठेकेदाराला पुढच्या पावसाळ्यात जळोचीकडची लागवड मिळाली. पुतळाबाई एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फरशी पुसते. तिथं कुणी निलगिरीचा विषय काढला की तिचा हात थांबतो आणि ती विचारते, "सही करायच्या आदी त्या साहेबानं एक, एक तरी रोप उपटून का न्हाय बघितलं?"