बंद यंत्रांचा विभाग

शिवकन्याबाई मूळच्या जळकोटच्या. गावाकडं त्यांना सगळे डॉक्टरीणच म्हणतात. बायोमेडिकल इंजिनिअर दवाखान्यातली यंत्रं बनवतो, सांभाळतो, हे त्यांनी आईला कितीदा तरी समजावलं. आई म्हणायची, "हाव गं, पण सुई टोचतीस का न्हाई?"

नांदेडच्या एका कॉलेजात त्यांच्याकडं बायोमेडिकलचा विभाग आला, तेव्हा प्रयोगशाळा नावापुरतीच होती. पण कुंपणापलीकडं एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, आणि तिथली बरीच यंत्रं धूळ खात पडलेली. बाई तिथल्या मोठ्या डॉक्टरांना जाऊन भेटल्या. म्हणाल्या, "चालू यंत्रं नकोत. बंद पडलेलीच द्या."

झालं! पोरं मॉनिटर खोलू लागली, सलाईनचे पंप खोलू लागली. आधी नुसतंच खोलणं व्हायचं, परत जोडताना स्क्रू उरायचे. हळूहळू हात बसला. हुमा नावाच्या पोरीनं तर तान्ह्या बाळांची काचेची पेटी दुरुस्त केली. बाईंनी आणि डॉक्टरांनी ती नीट तपासली, आणि सिस्टरनं लगेच वॉर्डात नेली. आत एक इवलंसं बाळ ठेवलं. हुमा काचेपाशी श्वास रोखून उभी.

"मॅडम, चालून राहिली ना?"

"बाळाला विचार की," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला बाहेर गेल्या.

पुढं कॉलेजात तपासणी समिती आली. "तुमच्या विभागाचं वेगळेपण काय?" प्राचार्य वायफायबद्दल सांगू लागले. बाई मधेच म्हणाल्या, "आमची पोरं यंत्र खोलायला भीत न्हाईत."

समिती खूश झाली. वरचा दर्जा मिळाला, मोठं अनुदान आलं. प्राचार्यांनी त्यातून थंडगार उत्कृष्टता केंद्र उभारलं, परदेशी यंत्रं आणली आणि दारावर पाटी लावली: 'यंत्रांना हात लावू नये.'

"सर, मग शिकायचं कसं?"

"मॅडम, वॉरंटी जाईल ना! पोरांनी बघून शिकावं."

प्रवेशासाठी रांगा लागल्या. माहितीपत्रकावर हातमोजे घातलेली पोरं हसत उभी, मागं प्लग न लावलेलं यंत्र. हॉस्पिटलनंही हैदराबादच्या कंपनीशी दुरुस्तीचा करार केला. यंत्र बिघडलं की सगळे कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचे.

बाईंनी वाद घातला न्हाई. अर्धापूरकडच्या एका छोट्या दवाखान्यातली, बंद यंत्रांनी भरलेली अडगळीची खोली त्यांनी हेरली आणि दर शनिवारी 'शैक्षणिक सहल' काढायची परवानगी मागितली. प्राचार्यांनी आनंदानं सही केली.

"फोटो मात्र काढा मॅडम," ते म्हणाले, "मागं केळीची बाग आली पाहिजे. भंगार दिसू देऊ नका."