लोणारवरची टिकली

मुनीर सर बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं विकत घ्यायचे. लाल, मध्यम आकाराची. लोणारच्या बाजारात दाढीवाला प्राध्यापक उभा राहून टिकल्या निवडतो, यावर लोक काय बोलत असतील ते बोलोत, त्यांना फिकीर नव्हती. दुकानवाल्या बाईने एकदा मलाच गाठून विचारलं, की तुमच्या सरांच्या घरी तर कोणी टिकली लावत नाही, मग या जातात कुठे? मी काही सांगत बसले नाही. सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं.

त्या टिकल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जगाच्या नकाशावर लागायच्या. विज्ञानाचं कुठलंही जर्नल हाती आलं, की सर आधी लेख वाचत नसत, संपादक मंडळाची यादी वाचत. कोणता संपादक कोणत्या गावी बसतो ते पाहायचं आणि तिथे एक टिकली डकवायची. युरोप-अमेरिकेत टिकलीला टिकली भिडली होती. आफ्रिका जवळजवळ कोरी, आपल्याकडे दिल्लीला एक, बंगळुरूला एक, संपलं. "पाह्य वनिता," सर म्हणायचे, "यूरोपले गोवर निघाला, अन् आपल्या अंगावर एक पुरळ नाई." वर्ग खो खो हसायचा, मीही हसायची. त्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सरांचं काम लोणारच्या सरोवरावर होतं. सरोवराचं पाणी खारं, आणि काठावरून गोड्या पाण्याची धार त्यात उतरते. दोन्ही पाणी जिथे मिळतं तिथे शेवाळाचा एक हिरवा पट्टा धरतो आणि पाऊसमानाप्रमाणे तो सरकत राहतो. या पट्ट्यामागे सर वीस वर्षं लागले होते. दर रविवारी सकाळी बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून खाली उतरायचं, पाणी भरायचं, वर येऊन सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या पेशी मोजायच्या. मेहुण्याच्या लग्नातसुद्धा ते दुपारी उगवले होते, आणि तेही चिखलाच्या चपलांनी. चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, ते लग्न त्यांना आयुष्यभर ऐकवत राहिल्या.

मी सुलतानपूरची. बापाच्या मेथीच्या जुड्या एसटीने लोणारला पोचवायच्या आणि तिथूनच सरांच्या मागे सरोवरात उतरायचं, हा माझा रविवार. पहिल्याच वर्षी माझी मोजणी सरांच्या आकड्याशी जुळेना. त्यांनी तीनदा मोजायला लावलं, तिन्ही वेळा माझा आकडा तोच. मी तोंड फुगवून बसले, मग ते स्वतः मोजायला बसले आणि उठून म्हणाले, "तुहं बरोबर हाय, माहं चुकलं." माझ्यासमोर चूक कबूल करणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

लेख लिहून सर बाहेर पाठवत आणि तो परत येई. कारण ठरलेलं: काम स्थानिक महत्त्वाचं आहे. त्यांच्या गावातलं तळं जगाचं आणि आपलं तेवढं गावचं, असं कसं बुवा, एवढंच ते म्हणत आणि बाटल्या धुवायला घेत. एकदा तर कुणा परीक्षकाने विचारलं होतं, की हिवाळ्यात तळं गोठतं तेव्हाचे नमुने का नाहीत? सरांनी ते पत्र आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. "बर्फ पाह्यजे म्हंते," ते म्हणाले, "आता गोळेवाल्याले घेऊन खाली उतरू का?" त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत, डबा तसाच घरी गेला. चाचींनी सांगितलं म्हणून कळलं.

पुढे मी पुण्याला गेले. तिथे माझ्या 'मले-तुले'ला हसून झालं, मग मी ते बोलणं सोडलं, डॉक्टरेट झाली, नोकरी लागली. काही वर्षांनी एका परदेशी जर्नलने ठरवलं, की आपल्या मंडळावर निरनिराळ्या देशांतले, लहान ठिकाणांहून आलेले लोकही हवेत. पत्र मला आलं. मी पहिला फोन सरांना केला. ते खाकरून म्हणाले, थांब, टिकली लावतो. मी म्हटलं, सर, मी पुण्यात बसते. तर म्हणे पुणं पुण्याचं पाहून घेईल. नकाशावर बुलढाणा जिल्हा तांदळाएवढा, तिथे लागलेल्या टिकलीखाली जालना, अकोलासुद्धा झाकून गेले. फोन ठेवताना म्हणाले, "एकच सांगतो, बेटा. कोनाचा पेपर वापस करायचा असंन तं करजो. पन वाचून करजो."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

दीड वर्षाने मुख्य संपादकांचा निरोप आला, की एक लेख तुमच्या भागातला दिसतो, तुम्हीच पाहा. उघडला तर पहिल्या पानावर सरांचं नाव. निवृत्त झाल्यावर मोजणीची सगळी वर्षं त्यांनी एकत्र बांधली होती, आणि मला अवाक्षर न कळवता पाठवली होती. शिफारस नको होती त्यांना. नियम साधा होता: लेखक ओळखीचा असेल तर एक ओळ लिहायची, लेख दुसऱ्याकडे जातो. ती एक ओळ मी लिहिली नाही.

का नाही, हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. मंडळाच्या बैठकीत आदल्याच आठवड्यात कुणीतरी गोड शब्दांत म्हणालं होतं, की नवे सदस्य आले तरी दर्जा सांभाळायला हवा. ते मला झोंबलं होतं. आता मी म्हणायचं, की हे माझे गुरुजी? बघा, लागली आपली माणसं आणायला, असंच म्हणतील ना! कुणाला कळायच्या आत हे प्रकरण माझ्या टेबलावरून जायला हवं होतं. मी दोन पानं चाळली. इंग्रजी अडखळत होतं, आलेख हाताने काढलेले. तयार पत्रांच्या यादीतलं एक निवडलं आणि पाठवून दिलं. काम स्थानिक महत्त्वाचं आहे. खाली नाव नव्हतं, नुसतं 'संपादक मंडळ'. समोरचा चहासुद्धा निवला नव्हता. इतकी नालायक मी होऊ शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आठवड्याने सरांचा फोन आला. बापाची तब्येत विचारली, मेथीला यंदा भाव आहे का विचारलं. मग म्हणाले, की एक पेपर परत आला, चालायचंच. मी विचारलं, कुठून? "असाच," म्हणाले, "एका ठिकानाहून."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी बाटल्या भरून वर आले, पायऱ्यांवर बसले, ते उठलेच नाहीत. दफनाला मी पोचू शकले असते. धीर झाला नाही. पंधरा दिवसांनी गेले.

नकाशा त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणला होता, बाहेरच्या खोलीत. उन्हाळ्यांनी डिंक सुकून बऱ्याच टिकल्या गळून गेल्या होत्या. चाचींनी चहा ठेवला आणि एक फाइल माझ्या हातात दिली. हे तुझ्या कामाचं असेल, आम्हाला काय कळतं, म्हणाल्या. तोच लेख. मी तिथेच बसून पहिल्यांदा वाचला, सगळा. पट्टा कोणत्या साली कुठवर सरकला, सलग तीन कोरड्या वर्षांत काय झालं, पुन्हा तो कसा धरला. असं दुसरीकडे कुठे कुणी इतकी वर्षं पाहिलेलं मला माहीत नाही. शेवटच्या पानावर आभार होते. चाचींचे, एका एसटी कंडक्टरचे, आणि मग: 'पट्ट्यातल्या पेशींची पहिली बरोबर मोजणी करणारी, सुलतानपूरची वनिता हिचे.'

शेवटचं पान उलटलं असतं तरी मला माझंच नाव दिसलं असतं, आणि लेख दुसऱ्याकडे द्यावाच लागला असता.

मला रडू आवरेना. चाचींना वाटलं सरांच्या आठवणीने. मी म्हटलं, "चाची, हा पेपर मीच परत पाठवला होता. न वाचता."

चाची माझ्यासमोर खाली बसल्या. चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली.

"त्यायले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तुह्यासंगं फोनवर बोलले अन् समजलं त्यायले. कोनता पेपर, हे तुनं इचारलंच नाई म्हने, नुसतं कुठून. मले लई राग आला. म्या म्हनलं, मंग काढा ते टिकली. तं म्हने, राहू दे. घाईत असंन पोरगी. पुढच्याचा पेपर वाचंन."