आता तुमी आयका

तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या की मला मेडशीतली ती संध्याकाळ आठवते. तुमचे आजोबा चर्चचे पाळक. शेजारचे एक शेतकरी त्यांच्याशी देवाधर्माच्या गप्पा मारायला रोज येत. गावात आमची तेवढीच मैत्री. त्या दिवशी सोललेली शेंग हातातच ठेवून त्यांनी विचारलं, “पास्टर, खरं सांगा. माह्यासंग बोलून राह्यले, का मले बाटवून राह्यले?” आजोबा म्हणाले, “तुम्ही ख्रिस्ताकडे यावं असं मला वाटतं. लपवणार नाही.” शेजारी हातातली शेंग खाली ठेवून उठून गेले आणि आठ दिवस फिरकले नाहीत. मग एकदम काखेत पोथी घेऊन दारात उभे. “मले बी वाटते, तुमी आमच्याकडं यावं. आता तुमी आयका.” आणि पोथी उघडून ते एक अध्याय वाचू लागले. आजोबांनी त्या संध्याकाळी तसं म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही, पण तो अध्याय संपेपर्यंत ते एकदाही मध्ये बोलले नाहीत.