उद्या सकाळचा मिस्त्री

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे त्या मिस्त्रीला शिव्या घालणं.

चौसाळ्याच्या स्टँडवर आमच्या चहाच्या टपरीशेजारी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. घरोघरी केबल आली नि ते बंद पडलं. इतकी वर्षं कपबशा विसळत पोरांचा खेळ बघणारी बायको म्हणाली, "त्यातली एक खेळाची पेटी घरी आणा. मला खेळायचंय."

मिस्त्री बीडचा. खिशात टेस्टर नि कंगवा, तोंडात कायम 'उद्या सकाळी'. तिला जमिनीवर बसून खेळता यावं म्हणून त्यानं पेटीचे पाय कापले. नाणं टाकायची फट बुजवून तिथं खेळ सुरू करायला दारावरच्या घंटीचं बटण बसवलं, नि विमान बनवल्यासारखा आमच्याकडं बघत राहिला. एवढ्याला त्यानं अख्खा उन्हाळा घालवला. तरी दांडा डावीकडं वळेना, नि खेळात बायको दर खेपेला मरायची.

"मावशी, उद्या सकाळी आलोच."

"तुझी उद्या सकाळ माझ्या तेराव्याला उजाडंल, मुडद्या!"

मीबी एक शिवी हासडली नि लई हसलो.

त्या रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी अंगणात माणसं जमलेली, आणि हा पिशवी घेऊन दारात. माझं डोकंच फिरलं. "आजच कशाला आलास रं?"

"मावशीला शब्द दिलता."

असे शब्द त्यानं ढीगभर दिलते. बायका तिला आंघोळ घालत होत्या, तोवर हा आत पेटीपुढं मांडी घालून बसला. दांडा खोलला, तेल सोडलं, डावीकडं वळवून बघितला. बटण मात्र दाबलं न्हाई. मग हात पुसले, नि कधी नव्हे ते वेळेवर, खांदा द्यायला पुढं आला.