राती कोणती?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सिल्वासाला टोकरखाड्यात आमची न् शेजारणीची भिंतीला भिंत. मी शाळेत शिकवायची, म्हणून ती मला बाई म्हणे. ती नाशिककडची, नवरा गलोंड्याला रंगाच्या कारखान्यात. त्याच्या अंगाला खाज सुटली म्हणून तिने दवाखान्यातून गोळ्या आणल्या, आणि औषधाच्या खिडकीवरच्या माणसाचं कौतुक दिवसभर सांगत बसली. वसकन ओरडला नाही, विचारलं ते उचलून दाखवलं, वर हसला. डॉक्टरने बजावलं होतं, एक गोळी सकाळी, दुसरी झोपताना, त्या दुसरीने गुंगी येईल.

पुढे तिच्या नवऱ्याचं तंत्रच बिघडलं. रात्रभर टक्क जागा, कामावर जाताना डोळे मिटलेले. एका दुपारी तो पाळी अर्धवट टाकून घरी आला. शर्टाची उजवी बाही खांद्यापासून गायब! यंत्रावर डुलकी लागली, रुळांनी बाही ओढून नेली, शेजारच्याने यंत्र बंद केलं म्हणून निभावलं.

मी तिला गोळ्या आणायला सांगितल्या. सकाळी कोणती देतेस, तर तिने पांढरी दाखवली.

"लाल राती देते, बाई. मी खिडकीवर इचारलं ना, राती कोनती? त्यानं हीच उचलली. म्हने, आ राती."

मी कपाळावर हात मारला. अगं, गुजरातीत राती म्हणजे लाल! माझ्या वर्गातली पोरं लाल पेन्सिलीला राती पेन्सिल म्हणतात. ही विचारतेय रात्रीची कोणती, तो दाखवतोय लाल कोणती. गुंगीची पांढरी रोज सकाळी पोटात, आणि दोघंही खूश. कर्म माझं!

मी दोघांना घेऊन तडक खिडकी गाठली. त्या खिडकीवाल्याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच गेले होते. पण मी सगळं सांगितलं तसा त्याचा चेहराच उतरला. तो बाही नसलेल्या त्या खांद्याकडे बघत राहिला. मग तिला हळूच म्हणाला, "हाथ छे ने?"

हात शाबूत आहे ना, हे मात्र तिला लगेच कळलं. तिने नवऱ्याचं मनगट धरून हात खिडकीतून आत घातला, आणि एकेक बोट सुटं करून त्याला दाखवलं.