खाऱ्या पाण्यातलं चित्र

ब्याऐंशीच्या जानेवारीत कतारमध्ये दोहाच्या धक्क्यावरून लाँच सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत जलरंगांची पेटी होती आणि डोक्यात पत्रक. आखातात आपल्या माणसांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतात, हे मला चित्रांसकट छापायचं होतं. समुद्राने मात्र पहिल्या तासाभरातच माझा राग पातळ केला. इतकं हिरवं, निवळ पाणी, की तळाच्या वाळूवर लाँचची सावली आमच्याबरोबर पोहत होती. मी वेड्यासारखा रंगवत सुटलो.

इंजिनवर दत्ताराम होता, जयगडजवळचा खारवी. तीन वर्षं घरी गेलेला नव्हता. रजा मागितली की मालक म्हणे, इन्शाल्ला.

“पेंटरसाहेब, आमच्या आयेस एक चित्र न्या,” तो म्हणाला. “तिला वाटतंय मी वाळूत गाडलोय. दर्याशिवाय खारव्याचा पोर जगंल कसा, म्हणून रडते.”

मी सगळं कसब लावलं. त्याने कागद धरला आणि परत दिला.

“ह्यो कॅलेंडरातला वाटतोय. असला हिरवा दर्या आय खरा मानायची नाय.”

दुसरा कागद काढला, तोच नाखुदा (लाँचचा तांडेल) खेकसला. तरुणपणी मुंबईला खजूर पोचवता पोचवता तो हिंदी शिकला होता. “पीने का पानी ब्रश को पिलाता है? समुंदर क्या कम है?”

चूक माझीच. कामगारांच्या हक्कांवर भाषणं ठोकणारा मी, त्यांच्याच प्यायच्या पाण्यात ब्रश बुचकळत होतो. ब्रशचा डबा रिकामा करून समुद्रात बुडवला आणि दुसरं चित्र त्या खाऱ्या पाण्यातच रंगवलं.

समैस्मा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावापाशी नांगर टाकून भाताबरोबर हामूर (इथला लाडका मासा) हाणला. तोवर चित्र वाळलं आणि त्यावर मिठाचे कण चमकू लागले. मी हळहळलो. दत्तारामने कोपऱ्याला जीभ लावली आणि हसत सुटला.

“आता न्या. आय चाखून बघंल.”

नाखुदानेही चाखलं. “खलास,” म्हणाला, म्हणजे झालं काम. “पास.”

महिन्याभराने जयगडजवळच्या वाडीत दत्तारामच्या आईने चित्र डोळ्यांपाशी नेलं, नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, “मावशी, चाखून बघा.” तिने चाखलं.

“खारट हाय,” ती म्हणाली, आणि शेजारणींना हाका मारल्या. सगळी वाडी चव घेऊन हसली. मग तिने विचारलं, “आनि येतोय कदी?”

त्याचं उत्तर द्यायला मालक बांधील आहे. पत्रकात मी तिचा प्रश्नच पहिलं वाक्य म्हणून घातला. निघताना तिला एवढंच सांगितलं, “चित्राला काच लावू नका, मावशी. तो येईपर्यंत उघडंच असू दे.”