दगडी चेहऱ्याची दोन मिनिटं

टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरबाई सगळं नीट समजावत होत्या आणि मी फोन सायलेंटवर टाकत होतो. त्यामुळे क्रम चुकला. आधी दोन मिनिटं मुलीशी खेळायचं, टाळी वाजली की दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायचा, असं होतं. मी सुरुवातीपासूनच दगड होऊन बसलो.

लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली ही मुलगी. अडीच वर्षांची आहे. आई म्हणते, काऊ म्हणते, कचरागाडीवाल्याला दादा म्हणून हाक मारते. बाबा म्हणत नाही. म्हणून बायको आम्हा दोघांना डोंबिवलीहून इथे घेऊन आलेली.

टाळी वाजली. "आता थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"थांबलेलोच आहे की."

"अगंबाई! मला वाटलं, तुम्ही असेच खेळता."

बायको हसली. मीही हसलो. मुलगी दांडीवर रंगीत चकत्या ओवत होती. तिने मान वर केली नाही.

मग सगळं पुन्हा, नीट. मी "बुवाऽ कुक!" केलं, तर ती दचकून आईकडे बघायला लागली, हे कोण म्हणून. मी दगड झालो तशी निवांत चकत्यांकडे वळली.

नंतर आईची पाळी. तिचा चेहरा थिजला मात्र, पोरीने चकती दाखवली, ओढणी ओढली, गाल थोपटले आणि अर्ध्या मिनिटात भोकाड पसरलं.

"बाळ हसतं, आपण हसतो. ते हुंकारतं, आपण ओ देतो. त्यातूनच मेंदूत वाटा तयार होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उत्तर येणार, हे त्याला ठाऊक झालेलं असतं. नाही आलं की मूल रडतं."

"आणि नाही रडलं तर?"

डॉक्टरबाई चकत्या डब्यात भरू लागल्या. "वाटा नंतरही होतात. पण रोज चालावं लागतं."

सकाळी मी निघतो तेव्हा ती झोपलेली असते, परततो तेव्हाही. हे मी सगळ्यांना सांगतो. रविवारी मी सोफ्यावर असतो आणि ती माझ्या पायाशी, हे सांगत नाही. एकदा तिने माझा अंगठा धरून बराच वेळ हलवला होता. मी मॅचचा स्कोअर बघत होतो. तिने तो कधी सोडला, मला माहीत नाही.

येताना शीळफाट्याला बस अडकली. मुलगी आईच्या मांडीवर झोपलेली. मी म्हणालो, "थोडी रडली असती ना, तरी बरं वाटलं असतं."

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीही रडायचे की, लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. तेव्हा तुम्हाला कुठे बरं वाटायचं?"